सातवी जाळी

रस्त्याने मोटारसायकल चालली असेल आणि मागे एखादी बाई एका अंगाने बसलेली असेल, तर माझी नजर आधी तिच्या पदराकडे जाते. मग चाकाकडे. मग पुन्हा पदराकडे. वय झालं तरी ही खोड गेली नाही. एकदा वर्ध्याच्या बाजारात एका बाईने मला यावरून चांगलं फैलावर घेतलं होतं, आणि तिचं काही चुकलं नव्हतं. म्हातारा माणूस टक लावून बघतोय म्हटल्यावर कोण गप्प बसेल? सोबत माझी बायको सुमन होती म्हणून निभावलं. ती त्या बाईला म्हणाली, "बाई, राग नोका मानू. हे तुमच्याकडं नाई पाहून राह्यले. हे तुमच्या चाकाकडं पाहून राह्यले." त्या बाईचा विश्वास बसला नसणार. तिच्या जागी मी असतो तर माझाही बसला नसता.

मी सीटवाला. म्हणजे मोटारसायकलीच्या सीटला कव्हर मारणारा. वर्ध्यात आर्वी नाक्याजवळ कडुनिंबाखाली टिनाचं छप्पर टाकून मी बसत असे. माझे वडील बैलांचे पट्टे आणि विहिरीच्या मोटा शिवायचे. शेतात इंजिनं आली, मग विजेचे पंप आले, आणि मोटा गेल्या. वडलांची टोचायची आरी, चामडं कापायची रापी आणि मेण लावलेल्या दोऱ्याची त्यांची शिवण माझ्याकडे आली, तोवर शिवायला चामडं उरलं नव्हतं. मी रेक्झिनकडे वळलो. सत्तर सालच्या आसपास नाक्यावरून जाणाऱ्या मोटारसायकली बोटांवर मोजता यायच्या. फटफट ऐकू आली की पानठेल्यावरची माणसं वळून बघायची. पुढच्या आठ-दहा वर्षांत वळून बघणं बंद झालं आणि माझं दुकान चालू लागलं.

आधी एक सांगून टाकतो. मी भित्रा माणूस आहे. जन्मभर मोटारसायकलींच्या अंगाला हात लावला, पण चालवायला शिकलो नाही. मागे बसायचं म्हटलं तरी मी काहीतरी निमित्त काढून पायी जायचो. कुठलाही बोल्ट पाहिला की तो निघाल्यावर काय होईल, हेच माझ्या डोळ्यांपुढे आधी यायचं. लोक हसायचे. पण या भीतीवरच माझा धंदा चालला. दुसरा कारागीर एक टाका घालायचा तिथे मी दोन घालायचो, आणि माझी शिवण उसवली म्हणून कोणी परत आल्याचं मला आठवत नाही. याचा मला गर्व होता. भित्र्या माणसालाही गर्व होतो, आणि तो झाला की त्याची भीती झोपी जाते. माझी कशी झोपली आणि कशी जागी झाली, ते सांगायला हे लिहितो आहे.

मोटारसायकलच्या मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना ज्या पिशव्या लटकतात, त्यांना आमच्याकडे नुसतं 'ब्यागा' म्हणत. औषधांचे एजंट, बियाणं विकणारे, विम्याचे लोक, ढोरांचे डॉक्टर, या सगळ्यांना गावोगाव हिंडायचं असे आणि सोबत ओझं असे. तयार ब्यागा नागपूरला मिळत, पण त्या साहेबलोकांसाठी. आमच्या गिऱ्हाइकाला झेपेल अशी ब्याग मी करायचो. ट्रकची जुनी ताडपत्री आणायची, तिचा धड राहिलेला भाग कापायचा, पाठीला चहाच्या खोक्याची पातळ फळी घालायची, वर बैलाला घालतो तसे पट्टे आणि बकलं. ब्याग गाडीवर तोलून धरायला लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा लागतो. तो शेजारचा वेल्डर बाबूमिया करून द्यायचा. ब्याग चाकापासून चार बोटं दूर पाहिजे, सायलेन्सरपासून वीतभर वर पाहिजे, आणि दोन्हीकडचं वजन सारखं पाहिजे. एवढंच शास्त्र. पण ते मला कोणी शिकवलं नाही, गिऱ्हाइकांच्या जिवावर मी ते शिकलो.

सेलूचे एक होमिओपॅथीचे डॉक्टर होते. त्यांना गाडीवर बसल्या बसल्या हात खाली सोडून बाटली काढता यावी अशी ब्याग हवी होती. मी ती उजवीकडे खाली लोंबती ठेवली. तिसऱ्या दिवशी डॉक्टर गाडी ढकलत आले. ब्यागेचं बूड जळून गेलं होतं. धूर त्यांना दिसला होता, पण शेतात कोणीतरी कापसाच्या पऱ्हाट्या जाळत असेल असं वाटून ते तसेच कोसभर पुढे गेले. साबुदाण्यासारख्या त्या गोड गोळ्या रस्ताभर सांडल्या. डॉक्टर हसत म्हणाले, "किसनाभाऊ, सेलूच्या रस्त्यावरच्या मुंग्या आता सालभर बिमार पडत नाईत." दुकानात सगळे हसले. मी त्या जळक्या ताडपत्रीपासून पेट्रोलच्या टाकीपर्यंत हात लावून अंतर मोजलं. दीड हात. त्या दिवशी माझा डबा तसाच परत गेला.

दुसरे एक बँडमास्तर. त्यांनी पितळी वाजंत्री एकाच ब्यागेत भरली आणि दुसरी रिकामी ठेवली. वळणावर गाडी कलली आणि मास्तर बाभळीत गेले. मी त्यांना सांगितलं, वजन सारखं ठेवा. पुढच्या आठवड्यात त्यांची बायको माझ्या दुकानात आली. "भाऊ, आमचा वरवंटा तुमच्याकडं आला काय? यायनं ब्यागेत घालून नेला म्हनते." तीन गावांच्या लग्नांत तो वरवंटा बँडबरोबर फिरून आला होता.

आता जाळीचं सांगतो. आपल्याकडे बाई मोटारसायकलवर एका अंगाने बसते, दोन्ही पाय डावीकडे सोडून. तिचा पदर चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला लोखंडी जाळी असते, आणि जाळीच्या बुडाशी पाय ठेवायला छोटी फळी. त्याला साडी-गार्ड म्हणतात, आम्ही जाळीच म्हणायचो. डावी ब्याग लावताना ही जाळी आडवी येते. नीट करायचं तर जाळीच्या बाहेरून सांगाडा काढायचा, चार ठिकाणी वेल्डिंग करायचं. दिवस मोडतो आणि गिऱ्हाईक कुरकुरतं. मी त्यातून एक सोपी वाट काढली. जाळी ज्या दोन बोल्टांवर बसते ते सोडायचे, जाळी काढून घ्यायची आणि तिच्या जागी भोकं पाडलेली वाकडी पट्टी त्याच बोल्टांवर कसायची. वेल्डिंग नको, खोळंबा नको, अर्ध्या तासात गिऱ्हाईक मोकळं. चाकही उघडं पडत नव्हतं, कारण ब्यागेच्या पाठीची फळी चाकाला झाकत होती. मी स्वतः गाडी स्टँडवर लावून, चाक फिरवून, माझ्या दुपट्ट्याचं टोक तिथे सोडून पाहिलं होतं. इतका सावध माणूस मी!

बाबूमिया एकदाच बोलला. "किसनाभाऊ, जाळी नोका काढू यार. खतरा हाये."

मी म्हटलं, "ब्याग हाये ना झाकाले."

"ब्याग आज हाये. उद्या नाई."

माझ्या या युक्तीने त्याचं वेल्डिंगचं काम गेलं होतं. म्हणून पोटदुखी, असं मी मनाशी ठरवलं. नुसतं ठरवलं नाही, पानठेल्यावर चार लोकांत बोललोही. ते त्याच्या कानावर गेलं. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही.

पिपरी मेघेचा मनोहर नावाचा तरुण ढोरांच्या औषधांचा एजंट होता. बोलका, चेष्टेखोर, सगळ्यांना आवडणारा. डावी ब्याग लावताना मी त्याला जाळीचं विचारलं. तो म्हणाला, "काढून टाका, भाऊ. माह्या मांगं कोन बसते? बाटल्या बसते." आम्ही सगळे हसलो, सगळ्यांत मोठ्याने मी. जाळी मी दुकानातल्या खिळ्याला टांगली आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर त्याचं नाव लिहून तिला बांधलं. चांगलं लोखंड, कधी मागायला आला तर असावं. अशा आणखीही काही जाळ्या त्या खिळ्याला होत्या. मागायला कोणी आलं नव्हतं.

त्यानंतर वर्ष दीड वर्ष गेलं असेल. वैशाखातली सकाळ. ऊन चढलं होतं आणि वारा सुटला होता. मनोहरचे वडील, आबाजी, सायकलवर दोन्ही ब्यागा लादून आले. त्यांनी त्या माझ्यापुढे ठेवल्या.

"किसना, एक बकल तुटलं, पाह्य. मनोहरनं सांगतलं, सावकाश करजो म्हने. चार दिवस लागत नाईत."

"काऊन? बिमार हाये काय?"

"बिमार कायले? लगन झालं ना त्याचं. सुनेले घेऊन आर्वीले गेला, तिच्या माहेरी. ब्यागा असल्या की तिले पाय कुठं ठेवाचे? म्हनून काढल्या."

मी ब्याग मांडीवर घेतली. आरी हातात घेतली, बकलाचा तुटका दात काढला. मग माझा हात थांबला. मी मान वर केली. समोर खिळा होता. खिळ्याला जाळी होती. जाळीला पुठ्ठा होता आणि त्यावर माझ्याच अक्षरात 'मनोहर, पिपरी' लिहिलं होतं.

ब्यागा इथे माझ्यापाशी, जाळी तिथे खिळ्यावर. मग चाकावर काय आहे? काही नाही. उघडं चाक, आणि त्याच्यावर हातभर उंचीवर नवी साडी नेसलेली पोरगी.

"कव्हा निघाले?" मी विचारलं.

"झाला असन अर्धा तास. काऊन रे?"

त्या म्हाताऱ्या माणसाला काय सांगणार? मी म्हटलं, "काई नाई, आबाजी. तुमी घरी जा." खिळ्यावरची जाळी ओढली, दोन पाने खिशात टाकले आणि शेजारी पळालो. बाबूमियाने चष्मा लावून वेल्डिंग धरलं होतं. त्याच्याकडे मोटारसायकल होती, आणि तिची जाळी शाबूत होती. तिला त्याने मला कधी हात लावू दिला नव्हता.

"बाबूमिया, आर्वीच्या रस्त्यानं चाल. आत्ता चाल."

त्याने चष्मा वर केला. माझ्या हातातली जाळी पाहिली, पुठ्ठा वाचला. 'मी सांगितलं होतं' असं तो म्हणू शकला असता. म्हणाला नाही. हातातली कामं टाकून त्याने किक मारली.

मोटारसायकलवर मी आयुष्यात मोजून तीन-चार वेळा बसलो असेन. त्या दिवशी वारा अंगावर येत होता, जाळी मांडीवर आडवी धरलेली, आणि बाबूमिया गाडी अशी हाणत होता की खड्ड्यात माझं बूड सीटवरून उडत होतं. एरवी मी ओरडलो असतो. त्या दिवशी म्हणत होतो, "आनखी जोरानं, बाबूमिया." माझ्या गळ्यातला दुपट्टा फडफडायला लागला तेव्हा मी तो काढून सदऱ्यात कोंबला. चाक कसं खेचतं, ते मला सीटखालून जाणवत होतं. पदराचं टोक एका आऱ्याला लागलं की संपलं. चाक थांबत नाही. ते पदर गुंडाळत जातं, आणि पदराच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो.

वाटेतल्या आंजी गावाला रस्त्याकडेला एक बाई चहाचं दुकान चालवायची. बाबूमियाने गाडी थांबवली. मी विचारलं, मोटारसायकलवर नवरा-नवरी गेले का?

"गेली ना. अशातच गेली. नवी नवरी होती, हातभर चुडा. पर डोक्शावर पदर नोता, बाप्पा! आमच्या वक्ताले असं नोतं."

आमच्याकडे नव्या सुनेने सासरच्या शिवेपर्यंत तरी डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नसतो. ती एका हाताने तो धरून बसते. एवढ्या वाटेत मी त्याच्याच भरवशावर होतो. पदर हातात धरलेला असेल तर तो उडणार नाही, असं स्वतःला समजावत होतो. आता डोक्यावर पदर नव्हता. म्हणजे हातातून सुटला होता. म्हणजे वाऱ्यावर होता. मी तिथेच, त्या चुलीसमोर, जाळी छातीशी धरून उभा राहिलो. बाबूमियाने माझ्या दंडाला धरून मला पुन्हा गाडीवर बसवलं.

आंजी मागे पडली. रस्त्यावर कोणी नव्हतं. दोन्हीकडे नांगरून ठेवलेली काळी शेतं, अधूनमधून पळस. मी रस्त्याच्या डाव्या कडेकडे बघत होतो. एका उतारावर बाबूमियाने करकचून ब्रेक दाबला. डांबरावर एक चप्पल पडली होती. बाईची, डाव्या पायाची, नवी, लाल पट्ट्याची.

आम्ही दोघे उतरलो. ती चप्पल उचलायला माझा हात पुढे होईना. बाबूमियाने उचलली. मी रस्त्याकडेच्या झुडपांमध्ये गेलो. काय शोधतो आहे ते मला ठाऊक होतं, म्हणून मी नीट बघत नव्हतो. डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होतो. एका काट्याला लाल चिंधी अडकली होती. मी तिथेच मटकन खाली बसलो. बाबूमिया जवळ आला, चिंधी काढून पाहिली आणि म्हणाला, "जुनी हाये, भाऊ. उनानं रंग उडालेली. उठ." मला उठवेना. त्याने हाताला धरून उठवलं. त्या वेळी मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही. त्यातलं पुष्कळ नंतर पाळलं नाही.

खरांगण्याच्या अलीकडे आंब्याच्या सावलीत मोटारसायकल उभी होती. लाल टाकीवरून मी ती दुरूनच ओळखली. मनोहर खाली वाकून चाकाशी काहीतरी बघत होता. जवळ कोणी उभं नव्हतं. मी धावत्या गाडीवरून उतरायला गेलो आणि पडलो. जाळी रस्त्यावर खणखणत गेली.

त्या आवाजाने मनोहर उभा राहिला, आणि आंब्याच्या बुंध्यामागून एक पोरगी पुढे आली. विशीतली, सावळी, हातभर हिरवा चुडा. एका पायात चप्पल. पदर उजव्या खांद्यावरून घेऊन कमरेशी गच्च खोचलेला, शेत निंदायला निघालेल्या बाईने खोचावा तसा.

मला रडू आलं. दोन लेकरांचा बाप मी, रस्त्यावर बसून हमसून हमसून रडलो. मनोहरला काही कळेना. तो विचारत राहिला, "भाऊ, घरी काई झालं काय? आबाले काई झालं काय?" तिला मात्र कळलं. तिने रस्त्यात पडलेली जाळी उचलली, उलटीसुलटी करून पाहिली, मग चाकाकडे पाहिलं.

"हे इथली व्हय?" तिने विचारलं.

"हाव, बाई. मीच काढलती."

तिचं नाव शकुन. लग्नाआधी दोन हंगाम तिने आर्वीला एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायचं काम केलं होतं. ती सांगत होती आणि मी पान्याने पट्टी सोडत होतो. पाना दोनदा बोल्टावरून निसटला, तेव्हा शेवटी बोल्ट बाबूमियानेच काढले. "जिनात मशीनचा पट्टा फिरत राह्यते," ती म्हणाली. "तिथं पदर खोचूनच उभं राहा लागते. एकीचा गेलता पट्ट्यात." त्या बाईचं पुढे काय झालं ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही कोणी विचारलं नाही. "गाडीवर बसतानीच मी यायले म्हनलं, चाक उघडं दिसते. हे हासले. म्या उतरून पदर खोचला. सासूबाई दारातूनच बोलल्या, डोक्शावरचा पदर कुठं गेला म्हने, चार बायकाइच्या समोर. बोलू दे म्हनलं."

मनोहर मान खाली घालून उभा होता. पाय ठेवायला फळी नव्हती, म्हणून तिचे पाय लोंबत होते आणि उतारावर चप्पल पडली होती. वाऱ्यात तिची हाक मनोहरला ऐकू गेली नाही, इथे आल्यावर त्याला कळलं. चहावाल्या बाईने ज्या उघड्या डोक्याला नावं ठेवली होती, त्यामुळेच ही पोरगी जिवंत होती. माझ्या सावधपणाचा त्यात काडीचा वाटा नव्हता.

जाळी बसली. मी ती दोन्ही हातांनी हलवून पाहिली, पुन्हा आवळली, पुन्हा हलवली. बाबूमियाने चप्पल शकुनपुढे ठेवली. ती पायात घालता घालता तिने मला विचारलं. रागाने नाही, घरातलं काही विचारावं तसं.

"भाऊ, अशा अजून किती काढल्या तुमी?"

बाबूमिया शेताकडे बघायला लागला. मी पाने खिशात टाकले. मला आकडा माहीत नव्हता असं नाही. आंब्याखाली उभा राहून मी खिळा डोळ्यांपुढे आणला आणि मोजल्या. मनोहरची धरून सात.

दुकानात परत आलो तेव्हा खिळ्यावर सहा उरल्या होत्या. मी त्या काढून जमिनीवर मांडल्या. प्रत्येक जाळीमागे एक उघडं चाक कुठेतरी फिरत होतं, आणि कुठल्या दिवशी कोण ब्यागा उतरवून मागे कोणाला बसवेल याचा नेम नव्हता. तो आठवडा मी झोपलो नाही. सुमनला सगळं सांगितलं. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "बसले काय मंग? नेऊन द्या ना."

तेव्हापासून दर सोमवारी, दुकानाच्या सुट्टीला, मी पोत्यात जाळी घालून एसटीने निघायचो. पुठ्ठ्यावर नाव आणि गाव होतं, तेवढा आधार. एकाने मला वेड्यात काढलं. एक म्हणाला, ब्याग काढणार नाही, जाळी नको. त्याच्या गाडीला बाबूमियाने नवा सांगाडा करून दिला, जाळी आत आणि ब्याग बाहेर. वेल्डिंगसाठी मी त्याच्याकडे गेलो तेव्हा मी पानठेल्यावरच्या त्या बोलण्याची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ दे, यार. पट्टी धर." एका ठिकाणी गाडी विकली गेली होती. नवा मालक हिंगणघाटकडे सापडला, तेव्हा त्याच्या घरची लेक गाडीवर बसायला पाय उचलतच होती. मी अंगणातच ओरडलो. ती माणसं अजून मला तशीच ओळखतात, ओरडणारा म्हातारा म्हणून, जरी तेव्हा मी म्हातारा नव्हतो.

पावसाळ्याअखेर पाच जाळ्या जागच्या जागी बसल्या. सातवीला पुठ्ठा नव्हता.

तो माणूस कापसाच्या हंगामात आला होता. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, भुवयांवर कापसाची लव. घाईत होता. "जाळी ठेवा तुमच्याकडंच, मले काय कराची," असं म्हणाला आणि नाव सांगायला थांबला नाही. त्याचा चेहरा मला आठवत नाही. ब्यागा मात्र आठवतात. हिरव्या ताडपत्रीच्या होत्या, आणि ट्रकवाल्याने ताडपत्रीवर रंगवलेल्या नावातलं एक मोठं पांढरं 'त' अक्षर डाव्या ब्यागेच्या झाकणावर आलं होतं. मी ते मुद्दाम मधोमध घेतलं होतं, शोभा म्हणून.

त्या 'त'साठी मी काय काय केलं! नाक्यावरून जाणारी प्रत्येक ब्याग पाहिली. पोळ्याला, जत्रेत, कापसाच्या बाजारात उभ्या गाड्यांमधून फिरलो. ट्रकवाल्यांना, पंक्चरवाल्यांना सांगून ठेवलं. दोन वर्षं गेली. आणि एक दिवस पुलगावला भंगाराच्या दुकानात, पत्र्यांच्या ढिगावर मला ती दिसली. डावी ब्याग. 'त' तसाच होता. ब्यागेचे पट्टे बकलातून सोडलेले नव्हते, ते मधोमध कापलेले होते.

मी भंगारवाल्याला विचारलं, कुठून आली? गाडी कुठे आहे? तो म्हणाला, "पोत्यात आलं, भाऊ. पोत्यावर काय नाव राह्यते?"

पट्टा कोण कापतो? बकल गंजलं की कापतात. चोर कापतो. गाडी विकताना घाई असली तर कापतात. आणि चाकात काहीतरी अडकलं आणि ते सोडवायला वेळ नसला, तरी कापतात. मी ती ब्याग विकत घेऊन घरी आणली. माझी शिवण एका टाक्यानेही उसवली नव्हती.

दुकान बंद करून आता बरीच वर्षं झाली. बाबूमिया गेला. मनोहर-शकुनची लेक आता नागपूरला स्वतः स्कूटर चालवते, ओढणी गाठ मारून. दसऱ्याला आम्ही अजून हत्यारं पुजतो. पाटावर वडलांची रापी, आरी, माझे पाने, आणि शेवटी ती जाळी. मी तिला रॉकेलने पुसून ठेवतो, गंज चढू देत नाही. कोणी न्यायला आलं तर बसवता यावी एवढे बोल्टही सोबत ठेवले आहेत. सुमन सगळ्यांना हळदकुंकू लावते. जाळीपाशी आली की दर वर्षी तिचा हात थांबतो आणि ती तेच विचारते.

"तिले काई झालं नसन ना?"

तिले म्हणजे कोणाला, हे मी विचारत नाही. अशी बाई होती की नव्हती, हेही आम्हाला माहीत नाही.

"नाई," मी म्हणतो. "तिनं पदर खोचला असन."

मग सुमन कुंकू लावते.